सर्दी-खोकल्यातला ताप: उतरला, आणि पुन्हा चढला तर?

लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-पडसं होणं हे धरूनच चालायचं. पाळणाघर किंवा बालवाडी सुरू झाली की पहिल्या वर्षी त्याहूनही जास्त. यातले बहुतेक आजार विषाणूंचे असतात: ऱ्हायनोव्हायरस, आरएसव्ही, इन्फ्लुएन्झा (म्हणजेच फ्लू), पॅराइन्फ्लुएन्झा, अॅडिनोव्हायरस, मेटान्यूमोव्हायरस, करोना. नावं वेगळी असली तरी घरात दिसणारं चित्र बरंचसं सारखं असतं. नाक वाहतं, अंग तापतं, मूल किरकिरं होतं, खोकला लागतो आणि काही दिवसांत मूल आपलं आपण सावरतं. थोड्या मुलांमध्ये मात्र विषाणूने वाट करून दिली की मागून जिवाणू शिरतात आणि कान, फुप्फुस किंवा सायनसमध्ये (नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांमध्ये) दुसरा संसर्ग उभा राहतो.

हा दुसरा संसर्ग वेळेत कसा ओळखायचा, आणि तो नसताना उगाच औषधांचा मारा कसा टाळायचा, त्यासाठी हा लेख आहे. माझं मत आधीच सांगते. थर्मामीटरवरचा एखादा आकडा फार थोडं सांगतो. आजाराचा कितवा दिवस आहे, आणि ताप उतरलेला असताना मूल कसं वागतंय, या दोन गोष्टींतून खूप काही कळतं. निदान डॉक्टरच करतील, पण या दोन गोष्टी त्यांना फक्त तुम्हीच सांगू शकता.

पायरी १: सगळ्यात आधी वय

बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरला, तर पुढच्या पायऱ्या वाचत बसू नका. लगेच डॉक्टर गाठा, रात्र असली तरी. घरात सगळ्यांना सर्दी आहे, म्हणून यालाही तीच असेल, असं गृहीत धरू नका. इतक्या लहान बाळात रक्ताचा, लघवीचा किंवा मेंदूच्या आवरणाचा संसर्ग नुसत्या तापाच्या रूपात दिसू शकतो, बाकी काहीच खूण नसते. या वयात अंग गार पडणं, म्हणजे तापमान ३५.५ अंशांच्या (९५.९ फॅरनहाइट) खाली जाणं, हेही तितकंच गंभीर. बाळ दूध ओढेनासं झालं किंवा उठवूनही नीट जागं होत नसेल, तर तापमान काही का असेना, थांबायचं नाही.

तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला ३९ अंश (१०२.२ फॅरनहाइट) ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. अपुऱ्या दिवसांचं जन्मलेलं, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेलं, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेलं मूल असेल तर वय मोठं असलं तरी वाट पाहण्याची मुदत कमी ठेवा.

पायरी २: मोजा, आणि लिहून ठेवा

कपाळाला हात लावून ताप आहे की नाही याचा अंदाज येतो, किती आहे ते कळत नाही. डिजिटल थर्मामीटर वापरा. काख कोरडी करा, टोक खोलवर ठेवा आणि बीप वाजेपर्यंत दंड अंगाशी दाबून धरा. मूल नुकतंच अंघोळ करून आलं असेल किंवा जाड पांघरुणात गुंडाळलेलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबा. काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सिअस कमी येतो. स्वतः बेरीज-वजाबाकी करू नका. जो आकडा दिसला तो लिहा, पुढे 'काखेत' असं लिहा, आणि दर वेळी त्याच जागी मोजा.

एक वही किंवा फोनमधली एक नोंद एवढ्यासाठीच ठेवा. ताप आला तो दिवस पहिला. रोज तीन-चार वेळा तापमान, दिलेलं औषध, त्याचं प्रमाण आणि वेळ, किती वेळा शू झाली, दूध किंवा जेवण नेहमीच्या निम्मं तरी गेलं का, आणि ताप उतरल्यावर मूल खेळलं का, हे टिपा. झोपलेल्या मुलाला ताप मोजण्यासाठी उठवू नका. चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे गेल्यावर 'ताप येतोय-जातोय' असं सांगण्यापेक्षा 'दुसऱ्या दिवशी रात्रीपासून पूर्ण गेला होता, आज सकाळी परत १०२ आला' हे वाक्य त्यांच्या किती तरी जास्त उपयोगाचं.

पायरी ३: विषाणूची नेहमीची चाल माहीत करून घ्या

चाल माहीत असेल तरच ती बिघडली हे लक्षात येतं, म्हणून इथे जरा सविस्तर.

साध्या सर्दीत ताप सुरुवातीलाच येतो आणि दोन-तीन दिवसांत जातो. इन्फ्लुएन्झाचा ताप चार-पाच दिवस टिकू शकतो. अॅडिनोव्हायरस तर कधी कधी आठवडाभर तापवतो, आणि तोही चांगला १०३-१०४. त्यामुळे नुसता जास्त ताप म्हणजे जिवाणूच, असं समीकरण मांडता येत नाही. उलट न्यूमोनिया झालेल्या मुलाला १०१ च असू शकतो. पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणजे साधाच आजार आणि नाही उतरला म्हणजे गंभीर, हाही समज खरा नाही. जिवाणूंचा तापसुद्धा पॅरासिटामॉलने उतरतो.

नाकातला शेंबूड आधी पाण्यासारखा, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी घट्ट, पिवळा, हिरवा आणि मग पुन्हा पातळ होत जातो. हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या द्रव्यामुळे येतो. साध्या विषाणूच्या सर्दीतही तो येतोच. रंग पाहून अँटिबायोटिक सुरू करणं चूक आहे.

तान्ह्या बाळांमधला आरएसव्ही वेगळा वागतो. सुरुवात साध्या सर्दीने होते, ताप थोडा असतो किंवा नसतोच, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमाराला छातीचा त्रास सगळ्यात जास्त होतो. बारीक श्वासनलिकांना सूज येते, घरघर ऐकू येते, दूध पिताना बाळ थकतं. म्हणजे या आजारात दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी 'ठीक आहे' म्हटलं तरी चौथ्या दिवशी पुन्हा दाखवावं लागू शकतं, आणि त्यात आधीच्या डॉक्टरांची काही चूक नसते.

खोकला सगळ्यात शेवटी जातो. दोन आठवडे सर्रास, कधी तीन-चार आठवडेही. नुसता खोकला रेंगाळतोय, मूल खेळतंय, जेवतंय, ताप नाही, तर काळजीचं कारण बहुधा नसतं.

पायरी ४: जिवाणू येतात कुठून, हे समजून घ्या

बाहेरून नव्याने यावे लागतातच असं नाही. न्यूमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झी आणि मोराक्झेला हे जिवाणू बऱ्याच धडधाकट मुलांच्या नाका-घशात एरवीही राहतात आणि काही करत नाहीत. श्वासमार्गाच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते कफ आणि जंतू सतत घशाकडे ढकलत असतात. विषाणू हे अस्तर खरवडतो, तंतूंचं काम मंदावतं, कफ साचतो आणि जिवाणूंना चिकटायला जागा मिळते. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे जाणारी नळी लहान मुलांमध्ये आखूड आणि बरीचशी आडवी असते. सूज आली की ती बंद होते आणि कानात द्रव साठतो. सर्दीनंतर कान दुखणं हा सगळ्यात जास्त दिसणारा दुसरा संसर्ग आहे, त्याचं कारण हेच.

इन्फ्लुएन्झा या बाबतीत जास्त घातक. १९१८ च्या साथीतले बहुतेक मृत्यू विषाणूच्या पाठोपाठ आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले, असं पुढे जतन केलेल्या नमुन्यांच्या अभ्यासातून दिसून आलं. फ्लूनंतर स्टॅफिलोकोकस या जिवाणूचा न्यूमोनिया झाला तर तो आजही काही तासांत उग्र रूप घेऊ शकतो.

पायरी ५: चाल कुठे बिघडली ते शोधा

सगळ्यात महत्त्वाची खूण आहे उतरलेला ताप परत येणं. मूल दोन-तीन दिवसांत सुधारलं, पूर्ण दिवसभर औषधाशिवाय ताप नव्हता, भूक परत आली, आणि मग पाचव्या-सातव्या दिवशी पुन्हा ताप, पुन्हा मलूलपणा. असं झालं की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दर सहा-आठ तासांनी औषधाचा असर ओसरल्यावर चढणारा ताप म्हणजे 'परत आलेला' ताप नव्हे, तो एकच ताप आहे. वहीतल्या नोंदींचा खरा उपयोग इथेच होतो. कधी कधी पहिला विषाणू जातो न जातो तोच दुसरा येतो, आणि तेही परतलेल्या तापासारखंच दिसतं. ते ठरवायला मूल तपासावंच लागतं.

दुसरी खूण म्हणजे न संपणारा ताप. तीन दिवस झाले आणि उताराचं चिन्ह नाही, तर दाखवून घ्या. पाच दिवस झाले तर इतर कारणंही पाहावी लागतात. पाच दिवसांचा ताप, लाल डोळे, लाल फुटलेले ओठ, अंगावर पुरळ, हातापायांना सूज असं एकत्र दिसलं तर कावासाकी आजाराचा विचार करावा लागतो. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धोका असतो आणि उपचार पहिल्या दहा दिवसांत व्हावे लागतात.

आता अवयवांप्रमाणे.

कान: सर्दीच्या पहिल्या आठवड्यात, बहुधा रात्री, मूल अचानक कळवळून रडतं. आडवं केलं की रडणं वाढतं, दूध ओढताना थांबून रडतं. नुसतं कान ओढणं ही खात्रीची खूण नव्हे, दात येताना किंवा झोप आल्यावरही मुलं कान ओढतात. कानातून पू आला आणि दुखणं एकदम थांबलं तर पडद्याला छिद्र पडलेलं असतं. ते बहुधा भरून येतं, पण कानात तेल किंवा थेंब काहीही न घालता दाखवा. कानामागे लाल सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला तर तातडीने रुग्णालयात जा.

फुप्फुस: श्वास वाढतो, मूल कण्हतं, चेहरा ओढलेला दिसतो. खोकला फारसा नसताना नुसतं पोटदुखी आणि उलट्या घेऊन येणारा न्यूमोनियाही असतो, कारण फुप्फुसाच्या खालच्या भागातलं दुखणं पोटात जाणवतं.

सायनस: दहा दिवस उलटले तरी नाक आणि दिवसाचा खोकला तसूभरही कमी नाही, किंवा सुरुवातीपासून सलग तीन दिवस १०२.२ च्या वर ताप आणि पुवासारखा शेंबूड. पापणी सुजून लाल झाली, डोळा पुढे आल्यासारखा वाटला तर वेळ घालवू नका.

श्वासनलिका: भुंकल्यासारखा खोकला असलेलं मूल अचानक जास्त आजारी दिसू लागलं, खूप ताप चढला आणि श्वास आत घेताना कर्कश आवाज येऊ लागला तर तातडीचा प्रसंग समजा.

आणि एक सहज विसरली जाणारी गोष्ट: तान्ह्या बाळांत सर्दीबरोबर लघवीचा संसर्गही असू शकतो. तापाचं कारण नुसत्या नाकाने पटत नसेल तर डॉक्टर लघवी तपासायला सांगतील. ती जरूर तपासून घ्या.

पायरी ६: श्वास मोजायला शिका

घरी करता येण्यासारखी याहून उपयोगी तपासणी नाही. मूल शांत किंवा झोपलेलं असताना अंगरखा वर करा, छाती-पोटाकडे पाहा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. बाळं थांबून थांबून श्वास घेतात, त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर आकडा चुकतो. तापामुळे श्वास थोडा वाढतोच, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा.

श्वास जलद कधी मानायचा, याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा अशा: दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त. ताप उतरल्यावरही श्वास या मर्यादेच्या खाली आला नाही तर त्याच दिवशी दाखवा.

आकड्याइतकंच श्वासाचं कष्टाचं दिसणं महत्त्वाचं. श्वास घेताना बरगड्यांच्या खाली किंवा मध्ये खड्डे पडणं, नाकपुड्या फुलणं, डोकं दर श्वासाला हलणं, श्वास सोडताना कण्हणं. यातलं काही दिसलं तर मोजत बसू नका, निघा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असेल तर तो मुलाच्या मापाचा हवा. आकडा ९२ च्या खाली गेला तर रुग्णालय, पण आकडा चांगला आहे म्हणून कष्टाच्या श्वासाकडे काणाडोळा करू नका.

पायरी ७: ताप उतरवायचा तो मुलाला बरं वाटावं म्हणून

संसर्गातला ताप मेंदू स्वतः ठरवून वाढवतो. १०३-१०४ तापाने मेंदूला इजा होत नाही. मूल १०१ तापात खेळत असेल तर औषधाची गरज नाही. अंग दुखतंय, पाणीही घ्यायला तयार नाही, तर १०० वरही द्या.

पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. दोन मात्रांमध्ये निदान चार, शक्यतो सहा तास, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. बाटलीवरचं प्रमाण दर वेळी वाचा, कारण खरा घोळ इथे होतो. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे, तर ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ३ मिलिलिटर लागतात, आणि १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेल्या ड्रॉप्सचे फक्त दीड. ड्रॉप्स चुकून चमचाभर दिले तर तब्बल ५०० मिलिग्रॅम पोटात जातात. मोजायला स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबतची सिरिंज किंवा माप वापरा. सर्दीच्या संयुक्त औषधात आधीच पॅरासिटामॉल नाही ना, तेही पाहा.

आयब्युप्रोफेन सहा महिन्यांनंतर, दर किलोला ५ ते १० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांच्या अंतराने. उलट्या होत असतील, शू कमी झाली असेल किंवा कांजिण्या असतील तर नको. दोन्ही औषधं आलटून पालटून देण्याच्या मी विरोधात आहे. थकलेल्या घरात रात्री तीन वाजता कोणी कधी काय दिलं याचा हिशेब चुकतो. अॅस्पिरिन मुलांना देऊ नये, कारण यकृत आणि मेंदूवर आघात करणारा राय सिंड्रोम त्याच्याशी जोडलेला आहे. निमेसुलाइडही नको, ते यकृताला घातक ठरू शकतं. चार वर्षांखाली सर्दी-खोकल्याची संयुक्त सिरपं टाळा. मध एक वर्षानंतर चालतो, त्याआधी थेंबभरही नाही, कारण बोट्युलिझमचा, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचा धोका असतो. गार पाण्याने किंवा स्पिरिटने अंग पुसू नका. मूल कुडकुडतं आणि कुडकुडण्याने ताप वाढतो.

नाक मोकळं करायला पाजण्याआधी सलाइनचे थेंब घाला. तान्ह्या बाळाला दूध थोडं थोडं पण जास्त वेळा पाजा. दिवसभरात शू नेहमीच्या निम्म्याहून कमी झाली, आठ तास डायपर कोरडा राहिला, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोक्यावरची टाळू खोल गेली, तर शरीरातलं पाणी कमी झालंय.

पायरी ८: अँटिबायोटिकबद्दल डॉक्टरांशी बोला

विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. 'पुढे काही होऊ नये म्हणून' आधीच दिल्यानेही दुसरा संसर्ग टळत नाही. जुलाब आणि पुरळ मात्र होऊ शकतात, आणि अंगावरचे जिवाणू औषधाला दाद न देणारे होतात. म्हणून स्पष्ट विचारा: संसर्ग नेमका कुठे आहे? कानाचा पडदा कसा दिसला? थांबून पाहिलं तर चालेल का? दोन वर्षांवरच्या मुलाचं कानदुखणं सौम्य असेल आणि ताप ३९ अंशांखाली असेल तर दुखण्याचं औषध देऊन दोन-तीन दिवस लक्ष ठेवण्याचा मार्ग डॉक्टर निवडू शकतात. तो निष्काळजीपणा नव्हे.

जिथे गरज आहे तिथे मात्र कचरू नका. न्यूमोनियात अँटिबायोटिक जीव वाचवतं. सांगितलेले दिवस पूर्ण द्या, मागच्या वेळची उरलेली बाटली कधीच वापरू नका. सुरू केल्यावर ४८ ते ७२ तासांत सुधारणा दिसायला हवी. नाही दिसली तर परत जा. तेव्हा निदान, औषध, किंवा फुप्फुसाभोवती पू साठला आहे का, हे नव्याने पाहावं लागतं.

तापात झटका आला तर

सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना असा झटका येतो. पाहणाऱ्याचा जीव अर्धा होतो, पण लहान झटक्याने मेंदूला कायमची इजा होत नाही. मुलाला जमिनीवर कुशीवर वळवा, कपडे सैल करा, घड्याळ पाहा. तोंडात बोट, चमचा, पाणी, औषध काहीही घालू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर तातडीची मदत बोलवा. थांबला तरी पहिल्या झटक्यानंतर त्याच दिवशी तपासून घ्या. वेळेवर तापाचं औषध दिल्याने झटका टळतो असं सिद्ध झालेलं नाही, तेव्हा स्वतःला दोष देऊ नका.

लगेच निघायचं, फोनवर सल्ला घेत बसायचं नाही

ओठ किंवा जीभ निळसर, राखाडी पडली. श्वास मध्येच थांबतो. मूल ताप उतरल्यावरही जागं राहत नाही, ओळखत नाही. मान आखडली किंवा टाळू फुगली. अंगावर लाल-जांभळे ठिपके आले आणि पारदर्शक ग्लास दाबून पाहिल्यावरही ते फिके होत नाहीत. काहीच पोटात टिकत नाही. आणि या यादीत न बसणारी एक गोष्ट: आपलं मूल 'नेहमीसारखं आजारी' वाटत नाही, ही आईवडिलांची भावना. चांगले डॉक्टर ती गंभीरपणे घेतात.

बरं झाल्यावर

औषधाशिवाय पूर्ण २४ तास ताप नसला आणि मूल ताजंतवानं असलं की बालवाडीत पाठवा, खोकला थोडा असला तरी. न्यूमोकोकस, हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झीचा बी प्रकार), गोवर यांच्या लसी राहिल्या असतील तर पूर्ण करून घ्या, सहा महिन्यांनंतर दरवर्षी फ्लूची लस द्या. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर मुलाचे कान वारंवार बिघडतात, बाटली तोंडात ठेवून आडवं झोपवल्यानेही.

खोकला चार आठवड्यांपुढे गेला तर दाखवा. कानाचा संसर्ग बरा झाल्यावरही मधल्या कानातला द्रव काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत राहतो. या काळात मूल हाकेला ओ देत नाही, टीव्हीचा आवाज वाढवतं, बोलणं अडखळतं असं वाटलं तर ते हट्टीपणात काढू नका. तीन महिन्यांनंतरही तसंच असेल तर ऐकण्याची तपासणी करून घ्या.